ताटलीतल्या चाव्या

हिंगणघाटात कोणाची गाडी चोरीला गेली, की चहाच्या टपरीवर कोणीतरी हटकून म्हणतो, "ताकसांडेले विचारा ना, साऱ्या गावाच्या चाव्या त्याच्याजवळ हायेत." मग बाकीचे हसतात. मी तिथं असलो तर माझा चहा तसाच राहतो. पूर्वी मी भांडायचो. आता बीपीची गोळी चालू झाली आहे, म्हणून उठून दुकानात येतो. पण एकदा हे लिहून काढायचं मी ठरवलं होतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याची एक चावी स्वतःजवळ ठेवली नाही, त्याच्याच नावाला आमच्या गावानं हे वाक्य चिकटवलं, आणि चिकटवताना कोणाची जीभ अडखळली नाही.

माझं बॅटरीचं दुकान बसस्टँडसमोर आहे. नव्वदच्या दशकात माझ्या दुकानाच्या ओट्यालगत मधुकरभाऊ ताकसांडे यांची पेटी असायची. पेटीवर चावी घट्ट धरायला एक लोखंडी वाइस ठोकलेला, शेजारी दोन-तीन कानशी आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. अंगानं बारीक, पण आवाज असा की समुद्रपूरची बस लागली हे कंडक्टरच्या आधी त्यांच्याच तोंडून कळायचं. शर्ट कायम पांढरा. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी पेटी बंद, बाकी वर्षभर उघडी.

नम्र वगैरे ते अजिबात नव्हते. आपल्यासारखा कारागीर वर्धा जिल्ह्यात नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि दिवसातून अनेकदा सांगायचे. गिऱ्हाइकाच्या चावीला घुंगरू, देवाचा फोटो, प्लास्टिकची बाहुली असलं काही लटकलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. "चावीले दागिने कायले? लगन लावाचं हाय का तिचं?" म्हणत ते आधी सगळं काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि मगच कामाला लागायचे. माणसं चिडायची, पण परत त्यांच्याकडेच यायची.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "हरवली का कोणी नेली?"

"तुले काय करा लागते? चावी बनव ना!" असं कोणी म्हटलं की झालं.

"करा लागते! हरवली असन तं चावी बनवतो. कोणी नेली असन तं कुलूप बदला. माह्या चावीनं काही होत नाई. नेणारा उद्या पुन्हा येईन."

करताना एखादी चावी बिघडली तर ती ते तिथंच कानशीनं घासून सपाट करायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. हे तुमचं, घेऊन जा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तो तुकडा तुमच्या कामी नाही का येणार?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातलं काही उचलून खाल्लं.

साबणवाल्याची गोष्ट त्या काळातली आहे. एक चांगल्या घरचा दिसणारा माणूस आला आणि इकडे-तिकडे बघत त्यानं रुमालातून साबणाची वडी काढली. वडीवर चावीचा छाप होता. कपाटाची आहे, घरचीच आहे, मूळ चावी आणता येत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. मधुकरभाऊंनी वडी हातात घेतली, निरखून पाहिली, माझ्या माठातून मगभर पाणी घेतलं आणि त्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग तोंड धुतलं. मानही धुतली. उरलेली ओली वडी त्यांनी त्याच्या रुमालात ठेवली.

"चांगला साबण हाय. घरी जाऊन आंघोळ करजो."

तो माणूस लालबुंद होऊन निघाला, आणि हे त्याच्या पाठीमागे अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडत राहिले, "अन् बायकोच्या कपाटाची चावी पाह्यजे असन तं बायकोले घेऊन येजो!" आम्ही हसून हसून बेजार झालो. हसणाऱ्यांत टपरीवरची तीच मंडळी होती, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मग गाड्यांच्या चाव्या बदलल्या. दोन हजार सालानंतर आमच्याकडच्या कापूस व्यापाऱ्यांनी नव्या गाड्या घेतल्या, आणि त्या गाड्यांना बटणाच्या चाव्या आल्या. लांबून बटण दाबलं की दिवे मिचकायचे आणि दार उघडायचं. अरुणसेठ जिनिंगवाल्यांनी अशी गाडी आणली तेव्हा मोठी माणसंसुद्धा उगीच त्यांच्या फाटकाशी थांबायची. अरुणसेठ मोकळ्या मनाचा माणूस. जो मागेल त्याला एकदा बटण दाबू द्यायचा.

ती चावी त्यांनी भर हंगामात कापसाच्या ढिगात हरवली. वरच्या खिशातून निसटली आणि डोंगराएवढ्या कापसात गेली. आता शोधायची कशी? कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली, की मजुरांनी ढिगावर पाय आपटत फिरायचं आणि बाकीच्यांनी गाडीकडे टक लावून पाहायचं. कोणाच्या पायाखाली बटण दबलं की दिवे मिचकतील. मग काय, अर्धा दिवस जिनिंगच्या आवारात माणसं कापूस तुडवत होती, आणि अरुणसेठसकट सगळे व्यापारी गाडीसमोर हात बांधून उभे होते. एकदा दिवे खरंच मिचकले! जो तो ओरडला, "इथी! इथी!" पण ओरडण्याच्या गडबडीत कोणाचा पाय होता हेच कळलं नाही. त्यानंतर दिवे लागले नाहीत, आणि चावी कापसासोबत गाठीत दाबली जाऊन कुठल्या तरी गिरणीला रवाना झाली.

घरी दुसरी चावी होती, त्यामुळे गाडी अडली नाही. पण शोरूमवाल्यांनी सांगितलं, की नवी एक चावी मिळणार नाही, सगळा सेट बदलावा लागेल आणि गाडी नागपूरला ठेवून जा. अरुणसेठनी मधुकरभाऊंना बोलावलं. त्यांनी दुसरी चावी समोर ठेवून हुबेहूब चावी कापली. दार उघडलं, चावी फिरली, इंजिन एक क्षण गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मधुकरभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे.

"माही चावी बरोबर हाय," ते परत येताना म्हणाले, "गाडीच तिले ओळखून नाई राह्यली."

कोणी तरी समजावलं, की या चावीच्या पोटात एक बारीक चकती असते. गाडीला ती आधी शिकवावी लागते, तेव्हा गाडी सुरू होते. आणि जी चावी हरवली ती गाडीच्या आठवणीतून पुसावी लागते, नाही तर सापडेल त्याच्या हातात ती चालूच राहते. ही दुसरी गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. कित्येक दिवस ते मला म्हणत राहिले, "कोणत्या तरी गिरणीत ते गाठ फुटन, चावी खाली पडन, अन् आपल्या अरुणसेठची गाडी तिले अजून ओळखत असन. हे बरं हाय का?" मी म्हटलं, एवढ्या लांबून कोण येतं गाडी न्यायला? पण त्यांना ते पटायचं नाही.

पिपरी मेघेला त्यांचा एक छोटा प्लॉट होता. वर्धेला घर बांधायचं म्हणून घेतलेला. तो त्यांनी विकला, नागपूरला एका जुन्या चावीवाल्याच्या दुकानात जाऊन पडले, त्याच्याकडून शिकले आणि मशीन घेऊन आले. हातात मावेल असा डबा, पडदा, आणि स्टेअरिंगच्या खाली लावायची एक जाड वायर. बायको बरेच दिवस बोलली नाही. मधुकरभाऊ मात्र माझ्या शेजारचा गाळा घेऊन, वर भली मोठी पाटी लावून, सबंध रस्त्यावर रुबाबात फिरले.

पहिलं काम अरुणसेठच्याच गाडीचं. आणि त्या कामाच्या वेळी ती ताटली आली.

मशीनची रीत अशी होती, की नवी चावी शिकवायची तर गाडी आधीच्या सगळ्या चाव्या विसरायची. मग घरात असतील तेवढ्या चाव्या एकेक करून तिला पुन्हा शिकवाव्या लागायच्या. जी त्या वेळी हजर नाही, ती कायमची मेली. दुसरे चावीवाले याबद्दल काही बोलत नसत. मधुकरभाऊंनी घरून जेवणाची स्टीलची ताटली आणली, ती गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि सांगितलं, "या गाडीच्या जेवढ्या चाव्या घरात असतीन तेवढ्या ताटात टाका. अन् ज्याच्या ज्याच्या हातात चावी राहते, त्याले बलवा. जे ताटात नाई, ते गाडीले आठवत नाई."

त्या दिवशी कापसात गेलेली चावी मेली आणि दोन चाव्या ताटलीतून निघाल्या. एक अरुणसेठनी घेतली. दुसरी, मधुकरभाऊंनी घडवलेली पहिली चावी, अरुणसेठनी बायकोकडे दिली. सरितावहिनी तेव्हा गाडी शिकत होत्या. गावातल्या बाईनं गाडी चालवायची म्हणजे काय, यावर टपरीवर चर्चा झालीच, पण अरुणसेठ म्हणाले, "एक माही, एक तिची. उद्या मी नसलो तं?" ते हे सहज हसत म्हणाले होते.

ताटलीशिवाय मधुकरभाऊंनी कधी गाडीला वायर लावली नाही. गाडीत शिरताना ते चपला बाहेर काढायचे. का, तर म्हणे, दुसऱ्याच्या घरात शिरतो ना. आणि चारही दारं उघडी ठेवायचे, भर उन्हात, एसी बंद. याचं कारण मात्र कडू होतं. एका गिऱ्हाइकाचा गॉगल काम चालू असताना दिसेनासा झाला होता, आणि त्यानं चारचौघांत मधुकरभाऊंना खिसे उलटे करायला लावले होते. गॉगल नंतर त्याच्याच सीटखाली सापडला. सापडल्यावर तो नुसता "मिळाला" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. तेव्हापासून दारं उघडी.

एकदा एक गृहस्थ आले. एक चावी हरवली, दुसरीही हरवली, नवीन करा. मधुकरभाऊ म्हणाले, बायकोला बोलवा. बायको आली. ताटली समोर आल्यावर तिनं पर्समधून दुसरी चावी काढून ताटलीत टाकली. नवरा संध्याकाळी पिऊन गाडी चालवायचा, म्हणून तिनं लपवली होती. नवरा तोंड पाडून उभा. मधुकरभाऊंनी दोन्ही चाव्या गाडीला शिकवल्या आणि दोन्ही बाईच्या हातात दिल्या.

"याची नव्हती हरवली, बाईनं नेलती," ते मला म्हणाले. "अन् बरं केलं बाईनं."

असा हा माणूस.

अरुणसेठ अचानक गेले. गाडी कागदोपत्री सरितावहिनींच्या नावावर झाली, आणि अरुणसेठची चावीही त्यांच्याकडेच आली. समुद्रपूरला अरुणसेठनी बियाण्याचं आणि खताचं दुकान काढलं होतं. वहिनी ते स्वतः बघू लागल्या. रोज सकाळी गाडी काढायच्या, समुद्रपूरला जायच्या, संध्याकाळी परत. धाकटा दीर किशोरसेठ, त्याला हे सहन होईना. दुकान त्याला हवं होतं, आणि घरातली विधवा रोज स्वतः गाडी चालवत बाहेर पडते हेही त्याला टोचत होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. उगीच नंतर कोणी भोळेपणाचा आव आणू नये.

एके दुपारी किशोरसेठ मधुकरभाऊंच्या गाळ्यावर आला. मी बाहेरच बसलो होतो.

"मधुकर, दादाच्या गाडीची चावी हरवली यार. नवी बनवून दे. गाडी इथी आणतो उद्या टो करून."

"हरवली का कोणी नेली?"

"दोन्ही हरवल्या. बना दे ना, पैशाचं टेन्शन घेऊ नको."

"गाडी वैनीच्या नावानं हाय. काल वैनी गाडीनं गेल्या समुद्रपूरले, मी पाह्यलं. त्यायची चावी कुठी हाय?"

"अबे, घरचीच गाडी हाय ना! तुले काऊन एवढी पंचाईत?"

मधुकरभाऊंनी आतून ताटली आणली आणि टेबलावर ठेवली. "वैनीले घेऊन या. त्यायची चावी ताटात आली पाह्यजे. नाई तं वैनीची चावी मरते. मी कोणाची चावी मारत नाई, सेठ."

किशोरसेठनं ताटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "लय माजला तू," एवढं बोलून तो गेला.

मी म्हटलं, भाऊ, वहिनींच्या कानावर घाला. ते म्हणाले, "माह्या धंद्यात चावी बनवणाऱ्याच्या तोंडाले कुलूप पाह्यजे. मी नाई म्हटलं ना, मंग झालं." त्यांना वाटलं, त्यांनी नाही म्हटलं म्हणजे ते काम होणारच नाही. त्यांच्या मशीनचा त्यांना एवढा अभिमान होता, की नागपुरात अशी मशीन कितीतरी जणांकडे आहे आणि सगळ्यांजवळ ताटली नसते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

काही दिवसांनी सरितावहिनी पायी माझ्या दुकानात आल्या. चावीचा सेल गेला वाटतं, म्हणाल्या, बटण लागत नाही, ह्यांच्या चावीचंही नाही. मी सेल बदलला. चावीवरचा लाल ठिपका पेटला, म्हणजे चावी ठीक होती. पण त्यांच्या घराच्या आवारात जाऊन पाहिलं तर गाडी ढिम्म. मधुकरभाऊ मशीन घेऊन गेले. चपला काढल्या, दारं उघडली, वायर लावली, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले.

"वैनी," ते म्हणाले, "तुमची चावी जिती हाय. गाडीच तिले विसरली. कोणीतरी दुसरी चावी शिकवली, अन् तुमची ताटात नव्हती."

वहिनींनी कोण ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. "पुन्हा शिकवता येईल का?" एवढंच म्हणाल्या. शिकवता येत होतं, पण मधुकरभाऊंच्याच नियमानं ती दुसरी चावी ताटलीत यायला हवी होती. वहिनी म्हणाल्या, संध्याकाळी घरात विचारते. मधुकरभाऊ म्हणाले, उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन बसा, मी येतो.

सकाळी आवारात गाडीच नव्हती.

वहिनींनी पोलिसांत तक्रार दिली. आणि किशोरसेठ स्वतः ठाण्यात जाऊन बसला. साहेब, गावात मशीन एकाकडेच आहे. कालच तो गाडीत बसून काय काय करत होता, आवारातल्या सगळ्यांनी पाहिलं. ताकसांडेकडे साऱ्या गावाच्या चाव्या असतात, एक गिऱ्हाइकाला देतो, एक स्वतःजवळ ठेवतो. हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं ते तिथं. टपरीवरच्या लोकांनी ते किशोरसेठच्या तोंडून उचललं आणि आपलं करून टाकलं.

दोन शिपाई आले आणि मधुकरभाऊंना मशीनसकट घेऊन गेले. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मागोमाग गेलो. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते. त्यांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर 'तुम्ही'चं 'तू' झालं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. किशोरसेठ खुर्चीवर बसून चहा पीत होता, आणि ज्याच्यावर संशय तो उभा.

"सायेब, गाडी सापडू द्या," मधुकरभाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते. "मी असं काम करत नाई. माह्या हातून चावी मरत नाई. वैनीले इचारा."

सरितावहिनी आल्या. डोक्यावर पदर, पण आवाज खणखणीत. "साहेब, ह्यांनी केलं असतं तर माझी चावी मेली नसती. हे सगळ्या चाव्या ताटलीत घेतल्याशिवाय हात लावत नाहीत. माझ्या मिस्टरांसमोर, माझ्यासमोर ह्यांनी असंच केलं. माझी चावी मेली, म्हणजेच हे काम ह्यांचं नाही."

मी आजवर एवढं सरळ, एवढं स्वच्छ बोलणं कोणत्याही कचेरीत ऐकलेलं नाही. साहेब हसले.

"ताटली म्हणजे काय पुरावा झाला का हो बाई? जेवायची ताटली?"

किशोरसेठ हसला. शिपाई हसले. मला वाटलं, तो टेबल उलटा करावा. मी बोललो, मोठ्यानं बोललो, आणि मला बाहेर काढलं.

संध्याकाळपर्यंत बसवून मधुकरभाऊंना सोडलं. मशीन मुद्देमाल म्हणून ठेवून घेतली. आणि गाडी? गाडी किशोरसेठच्या सासुरवाडीला, चंद्रपूरकडे, एका गोठ्यात झाकून ठेवलेली निघाली. मग घरातले वडीलधारे बसले, समजुती झाल्या. समुद्रपूरचं दुकान वहिनींकडे राहिलं, गाडी किशोरसेठनं ठेवली, तक्रार मागे घेतली. घरगुती मामला होता, साहेबांनी कागद बंद केला. पेढे वाटले म्हणे.

आणि मधुकरभाऊंकडे कोणी आलं? एक माणूस तरी येऊन म्हणाला, की भाऊ, तुमचं नाव उगीच आलं, तुम्ही काही केलं नव्हतं? कोणी नाही! गाडी सापडली, चोर कोण ते सगळ्या गावाला कळलं, सेठ होता म्हणून तो चोर झाला नाही, आणि जो चोर नव्हता त्याच्या नावावरचा डाग कोणी पुसला नाही. चुकून तक्रार झाली असं म्हणायलाही कोणी तोंड उघडलं नाही. उलट लोक चाव्यांसाठी नागपूरला जाऊ लागले. नागपूरचा माणूस ताटली मागत नाही, कोण कोणाची चावी नेतो ते विचारत नाही, अर्ध्या तासात मोकळं करतो. तो सोयीचा होता.

मशीनसाठी मधुकरभाऊ ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिले. आज साहेब नाहीत, उद्या कोर्टाचा हुकूम आणा, परवा किल्ली असलेला शिपाई रजेवर. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली! हे सांगताना ते पहिल्यांदाच जरा हसले होते. खूप दिवसांनी मशीन मिळाली तेव्हा वायर उंदरांनी कुरतडलेली, आत पावसाचं पाणी. दुरुस्त करायची तर नव्या गाड्या तिला कळत नव्हत्या. पाटी उतरवली, गाळा सोडला, आणि ते पुन्हा माझ्या ओट्यालगत पेटी घेऊन बसले. वाइस, कानस, कपाटाच्या चाव्या. आवाज मात्र उतरला होता. समुद्रपूरची बस लागली की आता कंडक्टरच ओरडायचा.

त्यानंतर ते मुलीकडे राहायला गेले, पिपरी मेघेला. त्यांच्या विकलेल्या प्लॉटपासून चार गल्ल्यांवर. पण जाण्याच्या थोडं आधीचा एक दिवस मला सांगायचा आहे.

दुपारची वेळ होती, टपरी भरलेली. एक नवी छोटी गाडी स्टँडच्या कडेला येऊन बरोबर त्यांच्या पेटीसमोर थांबली. सरितावहिनी उतरल्या. गाडी त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. हातात दोन बटणाच्या चाव्या, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"भाऊ, ताटली हाय ना?"

मधुकरभाऊ उठून उभे राहिले. "ताटली हाय. पण मशीन नाई, वैनी."

"मशीन नाई पाह्यजे. तुम्ही पाहा फक्त."

ताटलीत स्क्रू आणि कोऱ्या चाव्या ठेवलेल्या असत. त्यांनी ती रिकामी केली, शर्टच्या टोकानं पुसली आणि बॉनेटवर ठेवली. वहिनींनी दोन्ही चाव्या तिच्यात टाकल्या. टपरीवरचे लोक वळून पाहू लागले. मधुकरभाऊंनी चपला काढल्या. चारही दारं उघडली. आत बसले, एक चावी घेऊन गाडी सुरू केली, बंद केली. दुसरी घेऊन सुरू केली, बंद केली. बाहेर येऊन दारं लावली, दोन्हींची बटणं दाबून पाहिली, दिवे मिचकले. या कशाचीही गरज नव्हती. शोरूममधून निघालेली गाडी होती ती.

"दोन्ही जित्या हायेत," ते म्हणाले.

वहिनींनी एक चावी उचलली आणि दुसरी त्यांच्या हातावर ठेवली. मग टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात त्या बोलल्या, "हे तुमच्याजवळ राहू द्या. माह्यावाली कुठी हरवली तं मी तुमच्याकडूनच नेईन."

मधुकरभाऊंची मूठ मिटली. मला मनापासून वाटत होतं, ठेवा भाऊ, ठेवा! या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवा. मग त्यांनी मूठ उघडली आणि चावी वहिनींच्या हातात परत दिली.

"ठेवली असती, वैनी," ते म्हणाले. "पण मंग हे लोक इतके वर्सं जे बोलून राह्यले, ते खरं व्हईन ना."

वहिनींचे डोळे भरले होते. त्यांनी मान हलवली, चावी पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली. मधुकरभाऊ पायानं चपला शोधत, गाडी समुद्रपूरच्या रस्त्याला वळेपर्यंत तिकडेच पाहत होते. मग त्यांनी कोऱ्या चाव्या ताटलीत परत भरल्या, पेटीशी बसले, आणि मघापासून ताटकळलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून जुन्या, मोठ्या आवाजात विचारलं, "हं, बोला. हरवली का कोणी नेली?"